टॉवरवरचा एआय कॉल ऐकत नाही, नेटही कापत नाही

या आठवड्यात तिसऱ्यांदा तोच मेसेज आला, या वेळी मानेवाड्याच्या मावशीकडून. ‘कंपन्यांनी टॉवरवर एआय बसवला आहे. तो आपले कॉल ऐकतो. स्वस्त रिचार्जवाल्यांचं नेट कापून महाग रिचार्जवाल्यांना देतो. गर्दीत मुद्दाम नेटवर्क पाडतो. रात्री टॉवर झोपवतो, म्हणून अडीअडचणीला फोन लागत नाही.’ खाली मावशीचा प्रश्न: ‘तू तं याच कामात आहे नं रे, खरं आहे काय हे?’

बारा वर्षं मी नागपूर आणि आसपासच्या टॉवरांचं ऑप्टिमायझेशन करतो. गाडीतून फिरत सिग्नल मोजायचा (ड्राइव्ह टेस्ट), अँटेनाचा कल बदलायचा, कॉल कुठे आणि का तुटतो ते शोधायचं. मावशीला फोनवर सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो, कारण हा मेसेज लोकांना घाबरवतो आणि खऱ्या दोषावरून त्यांचं लक्षही हटवतो.

गर्दीचं आधी घेतो, कारण तो अनुभव प्रत्येकाचा आहे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. जामठ्याला सामना असला की चाळीस-पंचेचाळीस हजार लोक एका मैदानात बसतात. फोनवर दांड्या पूर्ण दिसतात आणि फोटो काही जात नाही. का? फोर-जीचा २० मेगाहर्ट्‌झचा कॅरियर, म्हणजे रेडिओ लहरींचा एक पट्टा, दर मिलिसेकंदाला १०० तुकड्यांत वाटला जातो. हजार फोन एकाच वेळी मागायला लागले तरी तुकडे शंभरच. त्याआधी आणखी एक अडथळा असतो. फोनला काही पाठवायचं तर पहिल्यांदा टॉवरचं दार ठोठावावं लागतं, आणि त्या ठोठावण्याचे नमुने एका सेलमध्ये, म्हणजे टॉवरच्या एका अँटेनाच्या टापूत, फक्त ६४ असतात. दोन फोनांनी एकाच क्षणी एकच नमुना उचलला की टक्कर होते आणि दोघांनाही पुन्हा प्रयत्न करावा लागतो. दांड्या सिग्नल किती जोरात येतो एवढंच सांगतात, रांग किती लांब आहे ते सांगत नाहीत.

अशा ठिकाणी एआय नेटवर्क पाडत नाही, उलट सावरायला बघतो. कोणत्या तासाला कोणता सेक्टर (टॉवरची एक दिशा) भरतो हे आधीच्या नोंदींवरून ओळखायचं, भरलेल्या कॅरियरवरचे फोन शेजारच्या मोकळ्या कॅरियरवर न्यायचे, एवढं त्याचं काम. शंभराचा एकशे एकावा तुकडा तो तयार करू शकत नाही. त्यासाठी जास्त सेक्टर लागतात, चाकांवरचा तात्पुरता टॉवर आणून उभा करावा लागतो. ते झालं नसेल तर जाब कंपनीच्या नियोजनाला विचारायला हवा.

हे वाटपाचं गणित टॉवरजवळच का करायचं, असंही मावशीनं विचारलं. समजा, ते करणारा संगणक मुंबईत ठेवला. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. मुंबईपर्यंतचं फायबर तेवढंच लांब धरलं तरी त्यातून प्रकाशाला जायला साडेतीन मिलिसेकंद लागतात आणि परत यायला तेवढेच. तोवर इथे सात वेळा वाटप होऊन गेलेलं असतं. म्हणून झटपट घ्यायचे निर्णय जवळच्या संगणकावर ठेवतात. यालाच एज म्हणतात. तरीही दर मिलिसेकंदाचं वाटप आजही बहुतेक ठिकाणी ठरलेल्या सूत्रानंच होतं: कोणाचा सिग्नल आत्ता चांगला आहे आणि कोणाला मघापासून कमी मिळालं आहे. ओ-रॅन या टॉवर-यंत्रणेच्या खुल्या रचनेत एआयचे प्रोग्राम त्याच्या वरच्या थरात बसतात, दहा मिलिसेकंद ते एक सेकंद किंवा त्याहून संथ गतीनं.

रिचार्जच्या मुद्द्यात मात्र खऱ्याचा कण आहे. रोजचा डेटा संपला की वेग बहुधा ६४ केबीपीएसवर येतो. ती अट प्लॅनमध्येच लिहिलेली असते, तिचा एआयशी संबंध नाही. महाग प्लॅनला जास्त वेगाचं आश्वासन देण्याचा प्रयत्न आपल्याकडे झाला होता. जुलै २०२० मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं दोन कंपन्यांना असे प्लॅन थांबवायला सांगितलं. फाइव्ह-जीच्या स्लायसिंगमुळे, म्हणजे एकाच नेटवर्कचे वेगवेगळे कप्पे करण्याच्या सोयीमुळे, असा भेद करणं तांत्रिकदृष्ट्या आणखी सोपं झालं आहे. त्यावर पहारा हवा, हे मी मनापासून म्हणतो. पण तो भेद करायचा की नाही हे माणसं ठरवतात आणि कंपनीच्या धोरणात लिहितात.

कॉल ऐकण्याचं थोडक्यात सांगतो. वाटपाच्या आणि एआयच्या प्रोग्रामला सिग्नलची ताकद, शेजारच्या टॉवरचा अडथळा, रांगेतला डेटा, एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाताना तुटलेले कॉल असे आकडे मिळतात. त्यांत तुमचं बोलणं नसतं. साधा कॉल टोकापासून टोकापर्यंत एन्क्रिप्टेड नसतो हे खरं, आणि कायद्यानं सरकारी आदेशावर कॉल ऐकता येतो हेही खरं. पण ती सोय नेटवर्कच्या गाभ्यात असते आणि एआयच्या कितीतरी आधीपासूनची आहे.

राहिली रात्र. मध्यरात्रीनंतर जादा क्षमतेचे कॅरियर बंद करतात, वीज वाचते. दूरवर पोचणारा कमी फ्रिक्वेन्सीचा थर चालू ठेवतात, आणि कॉल त्यावरून होतो. ११२ लावताना तुमच्या कंपनीचं नेटवर्क नसेल तर फोन दुसऱ्या कंपनीचं वापरू शकतो, ही सोय मोबाइलच्या मानकांतच आहे. चूक होतच नाही असं नाही. एका रेल्वे स्टेशनजवळच्या साइटवर पहाटेच्या गाड्यांची गर्दी एआयच्या अंदाजानं धरली नव्हती आणि कॅरियर उशिरा जागा व्हायचा. तक्रारी आल्या, आम्ही वेळ बदलली.

रात्री खरंच फोन मुका झाला असेल तर मी आधी दोन गोष्टी बघतो. सिमेंट रोडच्या खोदकामात जेसीबीनं फायबर तोडलं का, आणि लाइट गेल्यावर टॉवरची बॅटरी किती वेळ टिकली. तापमान दहा अंशांनी वाढलं की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, आणि आपला मे महिना कसा असतो हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको. पंचेचाळीस अंशांत दोन उन्हाळे काढलेली बॅटरी तिसऱ्या वर्षी अर्धा तासही धरत नाही, हे मी स्वतः मोजलं आहे.

मावशीच्या घरी रात्री नऊनंतर कॉल तुटतो. तिला म्हटलं, मेसेज पुढे पाठवू नको, तारीख, वेळ, घरात की गच्चीवर, आणि तेव्हा लाइट होती का, एवढं लिहून ठेव. कंपनीकडे तक्रार करून नंबर घे. दखल घेतली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे तो नंबर देऊन अपील करता येतं. तिनं कालपासून वही केली आहे. पहिल्या दोन नोंदींमध्ये लाइट गेलेली होती.