चुकांतून शिकतील, पण चुकांचे मोल कोण देणार?

आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. सामाजिक उद्योजक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना सिस्टिम्स थिंकिंग (एखाद्या प्रश्नातले घटक एकमेकांवर कसा परिणाम करतात हे एकत्रितपणे, बहुधा बाणांचा नकाशा काढून, पाहण्याची पद्धत) शिकवणे म्हणजे कार्यकारणाच्या बाणांत गुंतवून त्यांचा उत्साह मारणे होय, त्यापेक्षा त्यांना सरळ कामाला लावावे, चुकांतूनच ते शिकतील, असे आपण लिहिले आहे.

बाणांविषयीचा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. शाळागळतीवर एका गटाने काढलेला नकाशा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे: चाळिसेक बाण, मधोमध ‘दारिद्र्य’ असा भलामोठा चौकोन, आणि कुठूनही निघालेला बाण फिरून तिथेच. “मग आता करायचे काय?” या प्रश्नावर सगळे गप्प. दोष त्यांचा नव्हता. नकाशा कुठे थांबवायचा हे मीच सांगितले नव्हते. आता मी आधी एकाच गोष्टीचा, काळानुसार ती कशी बदलत गेली याचा, आलेख काढून घेतो आणि त्या आलेखाचा उलगडा न करणारे बाण खोडायला लावतो.

चुकांतून शिकण्याचा मुद्दा मात्र मला पटत नाही, कारण अशा कामात चूक एकाची असते आणि भुर्दंड दुसऱ्याला पडतो. प्लेपंपचेच पाहा. मुलांनी चक्रात बसून खेळावे आणि त्या फिरण्याने जमिनीखालचे पाणी टाकीत चढावे, ही दक्षिण आफ्रिकेत पुढे आलेली कल्पना इतकी लोभस होती की २००६ मध्ये तिच्यासाठी मोठ्या निधीची घोषणा झाली. कित्येक ठिकाणी आधीचे हातपंप काढून तिथे ही चक्रे बसवली गेली. मुले नसत तेव्हा ती बायकांना हाताने ढकलावी लागत, आणि बिघाड झाला तर दुरुस्तीची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसे. मुले रोज किती तास खेळतील, हा हिशेब कागदावर आधीच मांडता आला असता.

शिवाय परिणाम उशिरा दिसत असेल तर अनुभव भलताच धडा देतो. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात तयार झालेल्या बिअर गेम या खेळामध्ये (नावावर जाऊ नका, गिऱ्हाइके खोटी असतात) किरकोळ विक्रेता, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशी चौघांची साखळी असते. गिऱ्हाइकाची मागणी एकदाच, आठवड्याला ४ खोक्यांवरून ८ वर जाते आणि तिथेच राहते. तरीही माल पोहोचण्यातल्या विलंबामुळे आधी टंचाई होते आणि मग न खपणाऱ्या मालाचे ढीग लागतात. खेळ संपल्यावर मी कारखान्याच्या जागी बसलेल्यांना मागणीचा आलेख काढायला सांगतो. ते हमखास डोंगरदऱ्या काढतात, आणि खरी आकडेवारी दाखवेपर्यंत शेजारच्या खेळाडूवर चिडलेले असतात. अनुभव त्यांना पुरेपूर मिळालेला असतो!

तरीही आपल्या सूचनेतला ‘आधी काम’ हा क्रम पुढच्या तुकडीसाठी मी अर्धा स्वीकारत आहे. पहिले काही आठवडे विद्यार्थी त्याच प्रश्नावर आधीपासून काम करणाऱ्यांच्या हाताखाली राबतील, मात्र स्वतःचे काही सुरू करणार नाहीत. नकाशा त्यानंतर, आणि तोही त्या लोकांसमोर बसून काढायचा.