ना नफा, ना तोटा, ना जबाबदारी

हल्ली ज्याला बघावं तो स्टार्टअप काढतो आणि वर्षभरात डोक्याला हात लावून बसतो. कशाला तो व्याप? त्यापेक्षा मन, शरीर आणि आत्मा यांच्या समग्र स्वास्थ्यासाठी एक फाउंडेशन काढा. भांडवल म्हणून एक पांढरा कुर्ता, एक कॉलर माईक आणि मंद बासरी वाजवणारा स्पीकर पुरतो. मावशीच्या कृपेने नुकताच हा धंदा, माफ करा, ही सेवा अगदी जवळून बघायला मिळाली. त्यातून जे शिकले ते इथे विनामूल्य देते आहे. ऐच्छिक देणगी चालेल.

आधी नोंदणी करा. धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट करा, नाहीतर 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 8 खाली ना-नफा कंपनी काढा. 2015 च्या अर्थसंकल्पापासून आयकर कायद्यानेही योगाला धर्मादाय कार्यात बसवलंय, त्यामुळे काळजी नाही. मग बॅनरवर ‘शासन नोंदणीकृत’ हे शब्द संस्थेच्या नावापेक्षा मोठे टाका. नोंदणी संस्थेची झालीय, उपचारांची नाही, हे मंगल कार्यालयातल्या शिबिराच्या गर्दीत कोण विचारतंय? देणगीवरच्या करसवलतीची पावती तेवढी हसतमुखाने द्या. नव्या करप्रणालीत ती सवलत मिळत नाही, हे सांगायला वेळ पुरत नाही.

फी घेऊ नका. फी घेतली की लोक हिशेब मागतात. ‘सहयोग राशी’ घ्या, ती आगाऊ घ्या, आणि ती परत मिळत नाही हे फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापा. इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांचे राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत आणि देणगीही शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच स्वीकारतात. असला भोळेपणा आपल्याला परवडायचा नाही.

स्टेजवर एक डॉक्टर हवाच. कसला, ते कुणी विचारत नाही.

‘क्वांटम’ दर दहा मिनिटांनी आलं पाहिजे. क्वांटम सिद्धांताचे जनक मॅक्स प्लांक 1947 सालीच गेले, तक्रार करायला येणार नाहीत.

स्वामी कुवलयानंदांचा फोटो लावा, हार घाला. त्यांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं आणि आसनं-क्रिया करताना शरीरात काय होतं ते क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासलं. आपण फक्त फोटो घ्यायचा, दाबमापक नाही.

आपल्याकडे त्यापेक्षा भारी यंत्र असतं. पितळेची एक दांडी, तिला वायर, वायर लॅपटॉपला. दांडी मुठीत धरायची, मिनिटभर डोळे मिटायचे, की यकृतापासून आभामंडळापर्यंत सगळ्याचा रंगीत रिपोर्ट प्रिंटरमधून बाहेर. मावशीच्या रिपोर्टमध्ये पित्ताशय ‘किंचित दुर्बल’ निघालं. पित्ताशय तिने मागेच ऑपरेशन करून काढून टाकलंय. हे सांगितल्यावर काउंटरवरचा मुलगा अजिबात गडबडला नाही. म्हणाला, ‘मॅडम, ऊर्जेचं पित्ताशय तिथेच असतं.’ असली माणसं जमवा. संस्था अशा माणसांवर चालते.

कायद्याला भिऊ नका, फक्त तो नीट वाचा. जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्ध 1954 चा कायदा आहे, त्याच्या यादीत मधुमेह आणि कर्करोग दोन्ही आहेत. म्हणून बॅनरवर ‘मधुमेह बरा करतो’ असं लिहायचं नाही. ‘मधुमेहाकडे पाहण्याची नवी दृष्टी’ असं लिहायचं. बरा होतो हे मागच्या शिबिरातले काका अनुभवकथनात सांगतील, डोळ्यांत पाणी आणून. दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 साली राज्यात जो जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारांपासून अडवून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे असं स्पष्ट लिहिलंय. मधुमेह चावत नाही. तुमची सोय झाली.

आता मुख्य कौशल्य. उपचार फसला तर काय करायचं, हे ज्याला जमलं त्यालाच फाउंडेशन जमलं. पहिली पायरी म्हणजे औषध सोडायला सांगायचं, पण आपण ‘सोडा’ म्हणायचं नाही. ‘शरीराचं ऐका’ म्हणायचं. मावशीने शरीराचं ऐकलं आणि वर्षानुवर्षं चाललेलं इन्सुलिन बंद केलं. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या तेव्हा शिबिर घेणाऱ्या ताईंचा फोनवर निरोप आला, ‘छान! विषद्रव्यं बाहेर पडतायत.’ रात्री मावसभावाने तिला उचलून हॉस्पिटलात नेलं तर साखर सहाशेच्या घरात आणि लघवीत कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्याची धोक्याची खूण. ही दुसरी पायरी, शुद्धीकरण. तिसरी सर्वात महत्त्वाची. रोग गेला नाही तर चूक रोग्याची. शिबिरात ‘मन मोकळं करा’ नावाचं एक सत्र असतं. दिवे मंद करतात, हातात हात देतात आणि बायका आयुष्यात कुणाला सांगितलं नाही ते सांगून बसतात. मावशीनेही सांगितलं, नवऱ्याच्या, म्हणजे आमच्या काकांच्या, दारूबद्दल. मावशी आयसीयूत असताना शिबिराच्या ग्रुपवर ताईंचा मेसेज आला, सगळ्यांसमोर: स्वादुपिंड हे जीवनातल्या गोडव्याचं केंद्र आहे, मावशींनी दिवंगत काकांना अजून माफ केलेलं नाही, म्हणून साखर वाढली, सर्वांनी मिळून त्यांना प्रकाश पाठवू या. खाली हात जोडलेले साठ इमोजी.

स्वादुपिंडाला काका कोण ते माहीत नाही हो! त्याला इन्सुलिन पुरेसं बनवता येत नाही, एवढंच. ते बाहेरून द्यावं लागतं आणि ते द्यायला 1922 च्या जानेवारीत टोरांटोला सुरुवात झाली. गंमत बघा, त्याच वर्षी जपानमध्ये मिकाओ उसुईंनी रेकीची, म्हणजे हाताच्या स्पर्शाने ‘ऊर्जा’ देऊन बरं करण्याची, संस्था काढली. शंभर वर्षं दोघांनाही सारखीच मिळाली. जी मुलं वर्ष-दोन वर्षांत झिजून मरायची, ती इन्सुलिनवर नातवंडं बघतायत. दुसऱ्या बाजूला अजून ‘तुम्हाला आतून जाणवेल’ हेच चाललंय. बाईने तीस वर्षं मार खाल्ला, संसार ओढला, मुलं शिकवली, आणि आता तिच्या आजाराचा दोषही तिच्याच माथी? ही कसली करुणा? आणि हे बोलणारी माणसं ‘सेवा’ हा शब्द तोंडात घेतात!

प्राणायाम शिकवा, कोण नको म्हणतंय? मावशी त्याने शांत झोपायची, हे मीच सांगते. भजन म्हणा, ध्यान करा, म्हाताऱ्या माणसांना चार जण भेटतात तेही चांगलंच आहे. पण इन्सुलिनला हात लावायचा असेल तर संस्थेच्या लेटरहेडवर लिहून द्या: अमुक रुग्णाचं अमुक औषध आमच्या सांगण्यावरून बंद, सही, शिक्का, वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक. पावतीवर सही करताना पेन सापडतं ना तुम्हाला?

आणि घरोघरच्या शिकलेल्या लेकी-सुनांनो, आईला दोन दिवस कुठेतरी गुंतवायचं म्हणून तिच्या हातात फॉर्म देता, तेव्हा तिची औषधं कोण बघतंय ते आधी विचारत जा. तिथे विचारायचं नसतं, वातावरण बिघडतं म्हणे. बिघडू दे.

मावशी घरी आलीय. मेसेज मात्र ग्रुपवर अजून तसाच आहे. ताई, तुमचं शिबिर, तुमचा प्रकाश आणि तुमची ती दांडी तुमच्यापाशी ठेवा. तिने विश्वासाने सांगितलेलं घरातलं दुःख चव्हाट्यावर मांडायचा तुम्हाला काडीचा अधिकार नव्हता. तो मेसेज आजच्या आज काढा आणि तिच्या घरी जाऊन, समोर बसून, तिची माफी मागा.