जरा टचिंग करून द्या

ज्याच्या घरात बरा कॅमेरा आहे त्याची नातेवाइकांना दोनदा हमखास आठवण होते. कुणाचं लग्न जमवायचं असलं की, आणि कुणाचा फोटो भिंतीवर लावायचा असला की. दोन्ही वेळा मागणी एकच, "फार काही नको रे, एक साधा फोटो." चेहऱ्याचा साधा फोटो काढण्यापेक्षा वाघाचा काढावा. वाघ निदान काढलेला फोटो बघायला मागत नाही.

माणूस मागतो. आणि बघून जे म्हणतो ते सदाशिव पेठेपासून बाणेरपर्यंत एकच असतं, "मी असा दिसत नाही."

खरं सांगायचं तर त्याचं चुकत नसतं. तो स्वतःला रोज आरशात बघतो, म्हणजे डावं-उजवं उलटं बघतो. भांग, वाकडं नाक, हसताना जास्त वर जाणारी ओठांची एक बाजू, सगळं त्याला उलट्या बाजूला पाठ झालेलं असतं. कॅमेरा ते सुलटं दाखवतो आणि समोर कुणी दूरचा चुलतभाऊ बसल्यासारखा वाटतो. १९७७ साली अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिलं. माणसांना स्वतःचा आरशासारखा उलटा फोटो जास्त आवडला आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींना सुलटा. म्हणून तक्रार आली की मी वाद घालत नाही, फोटो स्क्रीनवर आडवा उलटवून दाखवतो. "हां, हा बरा आहे!" पण म्हणून तोच देऊन टाकायचा नाही. शर्टाचा खिसा उजवीकडे जातो, पदर दुसऱ्या खांद्यावर जातो, आणि पदराची गोष्ट घरातल्या बायकांच्या दोन सेकंदांत लक्षात येते.

यातून उरलेल्या तक्रारी नाकाच्या. "नाक केवढं आलंय!" इथे लोक लेन्सला दोष देतात, पण गुन्हेगार असतं अंतर. नाकाचं टोक कानांपेक्षा साधारण १२ सेंटीमीटर पुढे असतं. फोन नाकापासून ४० सेंटीमीटरवर धरला तर कान पडले ५२ वर, म्हणजे नाकाच्या तुलनेत कान जवळजवळ पाव हिश्शाने लहान उमटणार. तोच फोन दोन मीटर मागे नेला तर फरक सहा टक्क्यांच्या आत येतो आणि चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो. तेव्हा कृती सोपी आहे: दोन मीटर मागे जा आणि झूम करा. फोनवर दोन किंवा तीन पट, कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरची लेन्स. डोक्यापासून छातीपर्यंत माणूस नीट बसतो.

कृती सोपी, खोली अवघड. पेठेतल्या दहा बाय दहाच्या खोलीत तीन मीटर असतात, त्यातून दिवाण, टीव्ही आणि शोकेस वजा करा. छायाचित्रकार मागे सरकत सरकत गॅलरीत पोचतो, तिथे वाळत घातलेल्या टॉवेलखालून डोकं काढून म्हणतो, "जरा इकडे बघा." बघतात. घरातले सगळेच बघतात.

प्रकाशाचं मात्र घरातच भागतं. खिडकीपासून हातभर दूर, खिडकीला थोडं तिरकं बसवायचं, म्हणजे एक गाल उजळ आणि दुसरा जरा सावलीत. सावली फार गडद वाटली तर त्या बाजूला काहीतरी पांढरं धरायचं. पूर्वी गणपतीच्या मखरातला थर्माकोलचा तुकडा असायचा. २०१८ च्या बंदीनंतर मखर गेलं, पण माळ्यावर तुकडा सापडतो. नसला तर पांढरी चादर. ती धरायला ज्या भाच्याला उभं करू तो गाणी ऐकत हळूहळू खाली आणतो, एवढीच अडचण. दोन्ही डोळ्यांत खिडकीचा छोटा पांढरा ठिपका दिसतोय का, ते बघा. तो नसला की माणूस आजारी दिसतो, आणि स्थळाच्या फोटोत आजारी दिसून चालत नाही.

आणि ट्यूबलाइट बंद करा. "अंधार होईल ना रे!" होऊ दे. खिडकीचा प्रकाश एका रंगाचा, ट्यूबचा दुसऱ्या, देव्हाऱ्यातल्या बल्बचा तिसऱ्या. एकाच चेहऱ्यावर तीन रंग आले की कुठलंही ॲप ते निस्तरू शकत नाही. शिवाय आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मिणमिणते. डोळ्यांना कळत नाही, पण शटर त्याहून जलद ठेवलं की कॅमेऱ्याला कळतं आणि फोटोत आडवे पट्टे येतात. ट्यूब लावावीच लागली तर शटर सेकंदाच्या १/५० किंवा १/१०० वर ठेवायचं.

बाहेर काढायचा तर वेळ बघा. पुण्यातल्या दुकानदारांवर एक ते चार बंद ठेवल्याबद्दल जे विनोद होतात ते थांबवले पाहिजेत, चेहऱ्याच्या फोटोसाठी दुपारी बंद हेच योग्य धोरण आहे. मेच्या मध्याला आणि जुलैअखेरीला तर सूर्य पुण्याच्या थेट डोक्यावर येतो. खांबाची सावली नाहीशी होते आणि ती सगळी माणसाच्या डोळ्यांच्या खोबणीत येऊन बसते. दुपारी शनिवारवाड्यावर जायचंच असेल तर एक गोष्ट उपयोगी पडते: दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात त्याच्या समोर, भिंतीलगत, दिवसभर मऊ सावली मिळते. बाजीरावांनी ती सोय प्री-वेडिंगवाल्यांसाठी केली नव्हती, पण आहे. फक्त मागचे-पुढचे खांब आणि बाजीरावांचा घोडा बघून उभं राहा, नाहीतर घोड्याचा पाय नवरदेवाच्या कानातून निघतो. झाडाखाली उभं करण्याचा मोह आवरा. पानांतून आलेला प्रकाश हिरवा असतो, त्यात माणूस पित्त झाल्यासारखा दिसतो. भगव्या फेट्याचं तसंच, कपाळ नारिंगी होतं. तो रंग मात्र मी काढत नाही, फेट्याचा मान आहे.

चौकटीबद्दल सगळ्यांना एकच गोष्ट माहीत असते: तृतीयांशाचा नियम. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करा आणि महत्त्वाची गोष्ट त्या रेघांवर ठेवा. हा नियम जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली लिहून ठेवला, तोही ग्रामीण देखाव्यांसाठी. चेहऱ्याला तो एवढाच लावा: डोळे वरच्या रेघेच्या आसपास, आणि माणूस ज्या बाजूला बघतोय त्या बाजूला जागा जास्त. डोळे बरोबर मध्यावर ठेवले की डोक्यावर रिकामं आभाळ राहतं आणि माणूस विहिरीत उभा असल्यासारखा वाटतो. उलट तुरा असलेला फेटा असेल तर नियम गुंडाळून ठेवा आणि तुऱ्याला जागा द्या. हनुवटी कापली तर लोक कलात्मक म्हणतील, तुरा कापला तर मामा मनगट धरतील. मनगटावरून आठवलं, चौकटीच्या कडेला हात-पाय कापायचे तर मनगटावर, कोपरावर, गुडघ्यावर कापू नयेत, सांध्यांच्या मधेच कापावेत. सांध्यावर कापलेला हात तुटलेला वाटतो.

शटर दाबण्याआधी डोक्याच्या मागे बघा. पंखा, खुंटी, कालनिर्णय, तुळशीचा कट्टा, केबलची वायर. यातलं काही डोक्यातून उगवलं असेल तर माणसाला हलवू नका, स्वतः पाऊलभर बाजूला व्हा. माणूस एकदा हलला की पदर, केस, हसू सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मागचं सगळं धूसर करायची हौस असते, त्यात एक मेख आहे. ८५ च्या लेन्सवर एफ १.८ लावून, म्हणजे लेन्सचं भोक मोठं उघडून, दीड मीटरवरून काढलं तर स्पष्ट दिसणारी जागा जेमतेम तीन सेंटीमीटर. आणि ऑटोफोकसला चकाकणारी वस्तू आवडते. नथीवर फोकस बसतो, मोती अन् मोती मोजता येतो, आणि नवरी धुक्यात. फोकस जवळच्या डोळ्यावर ठेवा आणि भोक लहान करून एफ ४ लावा, सात-आठ सेंटीमीटर मिळतात. फोनच्या पोर्ट्रेट मोडला याची फिकीर नसते, तो धूसरपणा हिशेबाने मागाहून लावतो. पण त्याला गजरा आणि मागचं झाड यातला फरक कळत नाही, अर्धा गजरा धुवून टाकतो. चष्म्याची एक काडीही जाते. चष्म्यात खिडकी चमकत असेल तर काड्या कानावरून बोटभर उचलायला सांगा, काचा खाली झुकतात आणि खिडकी निघून जाते.

दुहेरी हनुवटीवर उपाय सगळ्यांना उलटा माहीत असतो. मान मागे घेतली की हनुवट्या तीन होतात. मान कासवासारखी पुढे, मग हनुवटी किंचित खाली. करताना वेडगळ वाटतं, समोरून छान दिसतं. टक्कल चमकत असेल तर टिश्यू पेपरने टिपा. आत्ता दहा सेकंद, नंतर कॉम्प्युटरवर अर्धा तास.

गटाचा फोटो असेल तर डोळे मिटण्याचं गणितही उपलब्ध आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी ते मांडलं आणि त्याबद्दल २००६ सालचं इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळवलं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या प्रकाशात माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी प्रकाशात दोनने, तितके फोटो काढा, म्हणजे एखाद्यात तरी सगळ्यांचे डोळे उघडे मिळतील. पंधरा जणांना पाच. या गणितात "थांबा, बाबा आत गेलेत" हे धरलेलं नाही.

एवढं सगळं झाल्यावर खरी मागणी येते. "जरा टचिंग करून द्या."

मागणी जुनी आहे. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात एका जर्मन छायाचित्रकाराने एकाच माणसाचे दोन फोटो शेजारी टांगले होते, एक जसाच्या तसा, एक निगेटिव्हवर हात फिरवलेला. आपल्याकडचे जुने स्टुडिओवालेही निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिल चालवायचे. सुरकुतीची रेघ निगेटिव्हवर पारदर्शक असते, ती शिशाने भरली की प्रिंटवर सुरकुती गायब. पेन्सिल फार चालली तर माणूस अंड्यासारखा यायचा. आजचं ब्यूटी फिल्टर तेच करतं, फक्त न विचारता. फोनमध्ये ते आधी शून्यावर आणा. त्वचेची छिद्रं गेली की चेहरा मेणाचा होतो, आणि मेणाच्या चेहऱ्याला "मुलीचा स्वभाव कसा आहे" हे विचारायला कुणी येत नाही.

काय काढायचं याची माझी फूटपट्टी या धंद्यातल्या पुष्कळांची आहे: पंधरा दिवसांत आपोआप जाणारं असेल तर काढा. मुरूम, डास चावल्याची गांधी, दाढी करताना कापलेलं, उडालेली बट. तीळ, व्रण, खळी, दातातली फट राहील. व्रणाचं ज्याच्या त्याला विचारा, त्याचा आहे तो. "तीळ तेवढा काढ ना," असं मुलीला न विचारता मावशी म्हणतात तेव्हा मला ऐकू येत नाही. अमेरिकेच्या व्हिसाचा फोटो मात्र दोन इंच बाय दोन इंच, मागे पांढरं, २०१६ पासून चष्माही चालत नाही आणि हात फिरवलेला फोटो तर नाहीच. त्या देशाला तीळ हवा असतो, स्थळाला नको असतो.

मग येतं सगळ्यांत अवघड वाक्य, आवाज खाली आणून: "थोडी उजळ कर." इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात येतात. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचं सगळं सरासरी करडं मानतो. पांढऱ्या भिंतीसमोर सावळा माणूस बसवला की तो भिंतीला करडी करायला जातो आणि माणसाला काळाठिक्कर करतो. ही चूक कॅमेऱ्याची आहे, ती दुरुस्त केलीच पाहिजे: फोनवर चेहऱ्यावर बोट ठेवून सूर्याची खूण वर सरकवा, कॅमेऱ्यावर एक स्टॉप वाढवा, म्हणजे प्रकाश दुप्पट. त्यापुढे फक्त चेहऱ्याचा रंग बदलणं म्हणजे खोटं स्थळ पाठवणं. ते लपतही नाही. चेहरा एका घरचा, मान दुसऱ्या घरची आणि पोह्यांची बशी धरलेले हात तिसऱ्याच. कंबर बारीक करण्याचंही तसंच आहे. मागच्या फरशीचे सांधे किंवा साडीचा काठ बघा, कंबरेपाशी नदीसारखं वळण आलं असेल तर कुणीतरी माउस ओढलाय. १९८२ साली नॅशनल जिऑग्राफिकने उभ्या मुखपृष्ठात मावावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड जवळ सरकवले, त्यावरून अजून बोलणी खातात. नॉर्वेने २०२२ पासून जाहिरातीत शरीराचा आकार किंवा कांती बदलली तर तसं लिहायची सक्ती केली आहे. बायोडाटाला अजून तो नियम नाही.

भिंतीवरच्या फोटोतलं माणूस तक्रार करायला उरलेलं नसतं, म्हणून तिथे जास्त जपावं लागतं. बहुतेक वेळा हाताशी एकच फोटो असतो, कुणाच्या तरी मुंजीतला, चाळीस माणसांचा. त्यात आजोबांचा चेहरा पाच मिलिमीटरचा. ६०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन केला तर रुंदी भरते १२० पिक्सेल, त्याहून वर नेलं तरी सहसा कागदाचे तंतूच वाढतात. त्यावर "बारा बाय अठरा करून द्या" म्हटलं की उरलेले हजारो पिक्सेल सॉफ्टवेअर मनाने भरतं. ते आजोबांना नवे दात देतं, भुवया कोरतं, आणि फ्रेममध्ये कुणीतरी भला पण अनोळखी गृहस्थ येऊन बसतो. त्यापेक्षा पाच बाय सात काढा, थोडं धूसर राहू द्या, भोवती माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची पट्टी, रुंद ठेवा. सॉफ्टवेअर वापरलंच तर मूळ स्कॅन वेगळा जपा आणि फ्रेमच्या मागे तसं लिहून ठेवा.

शिवाय गटातून आजोबा कापून घेतले की त्यांच्या खांद्यावर कुणाची तरी चार बोटं उरतात. जुने स्टुडिओवाले त्यावर कोट रंगवायचे, आता ती दोन मिनिटांत पुसता येतात. मी आधी विचारतो, बोटं कुणाची? मग घरात वाद लागतो. नगरची चुलत आत्या म्हणते, तिच्या वडिलांची. कुणी म्हणतं शेजारच्या मास्तरांची. भिंग येतं, चष्मे बदलले जातात, अंगठी आहे का ते बघितलं जातं, मुंजीला कोण कुठे उभं होतं याची यादी होते. आजोबांच्या धाकट्या भावाची निघाली की ती पुसा असं कुणीच म्हणत नाही. चौकट तेवढी अर्धा इंच रुंद घ्यावी लागते.