इंजेक्शनच्या आधी चाचणी तरी आपली हवी

लेकानेमॅब या औषधाच्या बातम्या आल्यापासून भारतातल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मला एकच विचारणा: "तुमच्याकडे ब्रिटनमध्ये मिळतं का ते अल्झायमरचं इंजेक्शन? इकडे कधी येणार?" तर ऐका. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकाने त्याला परवानगी दिली आणि त्याच दिवशी 'नाइस' या संस्थेने सरकारी आरोग्यसेवेसाठी ते नाकारणारा मसुदा काढला. खर्चाच्या मानाने गुण तोकडा, म्हणून. सुमारे १,८०० जणांवरच्या प्रयोगात दीड वर्षाने, आजार किती बळावला हे मोजणाऱ्या १८ गुणांच्या मोजपट्टीवर, औषध न मिळालेल्यांच्या तुलनेत फरक पडला ०.४५ गुणांचा. त्यासाठी दर पंधरा दिवसांनी शिरेतून औषध, आणि त्या औषधाने मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना, हे बघायला पुन्हा पुन्हा एमआरआय. शिवाय आजार अगदी सुरुवातीला असेल तरच.

ही सुरुवात ओळखायची कशी, यावर मात्र आमच्या ग्रुपवर कुणी बोलत नाही. "वय झालं की विसरायचंच," एवढ्यावर विषय संपतो.

इथे ब्रिटनमध्ये मेमरी क्लिनिकमध्ये, म्हणजे विसराळूपणा तपासणाऱ्या सरकारी दवाखान्यात, पैसे पडत नाहीत, ही फार मोठी गोष्ट आहे. पण ओळखीच्या एका काकूंसोबत मी दुभाषी म्हणून गेले. काकू कऱ्हाडकडच्या, सातवी शिकलेल्या. स्मरणशक्तीच्या चाचणीत त्यांना लक्षात ठेवायला पत्ता दिला: हॅरी बार्न्स, ७३ ऑर्चर्ड क्लोज, किंग्सब्रिज, डेव्हन. यात मी मराठी काय करणार? काकूंच्या लक्षात राहिला तो फक्त 'हॅरी'. बाकीचे गुण गेले. याच काकू भिशीचे कुणाचे किती राहिले ते तोंडपाठ सांगतात! मला त्या खोलीत फार राग आला.

भारतात यावर काम झालंय. हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांतल्या निरक्षर वृद्धांसाठी १९९०च्या दशकात हिंदी चाचणी बेतली गेली. तिच्यात वाक्य लिहायला लावत नाहीत, घराबद्दल काहीतरी सांगा म्हणतात. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) पुढे हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम अशा पाच भाषांत चाचणीसंच तयार केला. त्या पाचांत मराठी नव्हती. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) असल्याचा अंदाज आहे. त्यांत मराठी माणसं थोडी का असतील? इंजेक्शनच्या किमतीवर जरूर भांडा, पण त्याआधी मराठी चाचणीसाठी भांडा.

आणि आईला किंवा बाबांना दवाखान्यात न्याल तेव्हा डॉक्टरांना विचारा, ही चाचणी कोणत्या भाषेच्या, किती शिकलेल्या माणसांवर पडताळलेली आहे. बी-१२ आणि थायरॉईडही तपासून घ्या. त्यांच्या कमतरतेनेही विसराळूपणा येतो, आणि त्यावर उपचार स्वस्त आहेत.