लोकेशन पाठवा!

थंडी पडली की आमच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर एकच वाक्य घुमायला लागतं: "सर, लोकेशन पाठवा ना." कुणी एखाद्या बदकाचा फोटो टाकायचा अवकाश, की नाव काय, कसं ओळखलं, काय करत होतं हे कुणी विचारत नाही. थेट लोकेशन. मग रविवारी उजाडायच्या आत त्या तळ्याच्या बांधावर गाड्यांची रांग, तोफेएवढ्या लेन्सा आणि "कुठंय, कुठंय"चा गजर.

माझं मत काहींना खटकेल, पण सांगतो. शहराच्या कडेच्या तळ्यावरचं दुर्मीळ बदक लोकेशन मिळाल्यानं दिसत नाही. रोजची, साधी, 'त्यात काय बघायचं' वाटणारी बदकं ज्याने नीट पाहिलीत, त्याला ते दिसतं. बाकीच्यांना पिन मिळाली तरी समोर फक्त ठिपके असतात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या तळ्यावर फेरुजिनस पोचार्ड नावाचं तांबूस बदक उतरलं होतं. तळं म्हणजे काय, एका बाजूला सोसायट्या, दुसऱ्या बाजूला रस्ता, कोपऱ्यात गणपती विसर्जनाचा घाट आणि निम्म्या पाण्यावर जलपर्णी. हे बदक पूर्व युरोपपासून मध्य आशियापर्यंत वीण करतं आणि हिवाळ्यात आपल्याकडे येतं. जगभरात त्याची संख्या घटत चालल्यामुळे आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत ते 'संकटाच्या उंबरठ्यावर' या गटात आहे. महाराष्ट्रात दिसतं, पण जिकडेतिकडे नाही. आणि ते मी शोधलं नाही बरं का. ते दाखवलं टायरच्या ट्यूबवर बसून मासेमारीचं जाळं टाकणाऱ्या मामांनी. "ते तांबडं बदाक बगितलं का? शेपटीखाली पांढरंफेक. पाणकणसाच्या आड बसतंय, भाईर येत न्हाई." पक्ष्यांच्या पुस्तकात याहून नेमकं वर्णन नसतं. मामांना नाव माहीत नव्हतं, पण वारकरी, टिबुकली, अडई, हळदी-कुंकू ही पाणपक्ष्यांची मंडळी त्यांच्या रोजच्या उठबशीतली. त्यामुळे नवा पाहुणा आला की त्यांना लगेच कळतं.

आता ओळखायचं कसं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण गंमत तिथेच आहे. तळ्यावर बहुतेक वेळा बदकं दिवसा झोपलेली असतात. चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली, वाऱ्याबरोबर हळूहळू सरकणारे गोळे. बरीच बदकं रात्री चरतात आणि दिवसा विश्रांती घेतात, म्हणून हे. लोक येतात, गोळे बघतात, "काही नाही आज" म्हणून जातात. अहो, थांबा की थोडं! आधी दोन गट पाडा. शेपूट वर करून, डोकं पाण्यात घालून चरतात ती उथळ पाण्यातली: हळदी-कुंकू, थापट्या, तलवार बदक. यांना चिखल आणि वीतभर पाणी लागतं. बुडी मारून पार गायब होतात ती दुसरी: शेंडीबदक, लालसरी, आणि हे आमचं फेरुजिनस. बुडीवाल्यांचे पाय शरीराच्या बरेच मागे आणि पंख वजनाच्या मानाने लहान असतात, त्यामुळे उडताना ती पाण्यावरून धावत जातात. उथळवाली जागच्या जागी सरळ वर उसळतात. एवढा फरक डोळ्यात बसला की निम्मं काम झालं.

मग बुडीवाल्यांतली सगळी तपकिरी एकेक करून तपासायची. इथे भले भले फसतात. शेंडीबदकाची मादीही तपकिरी असते, तिच्याही शेपटीखाली कधी कधी पांढरं असतं. पण तिचा डोळा पिवळा आणि डोक्यामागे तोकडी का होईना शेंडी. फेरुजिनसचा नर गडद तांबूस, डोळा पांढरा, डोकं मध्यावर उंचावलेलं. मादीचा डोळा मात्र गडद असतो, म्हणून 'पांढरा डोळा नाही म्हणजे ते नाही' असं करून चालत नाही. उडताना पंखावर रुंद पांढरा पट्टा दिसतो. शिवाय त्याला झाडोऱ्याची सोबत आवडते. उघड्या पाण्यात लालसरीच्या थव्याबरोबर तरंगत बसण्यापेक्षा पाणकणसाच्या कडेकडेने फिरणं त्याला मानवतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात तर आणखी घोळ. वीण संपली की नर आपली रंगीत पिसं टाकतात आणि काही काळ माद्यांसारखे दिसतात. आपल्याकडे पोचतात तेव्हा बऱ्याच जणांचा तो वेष उतरलेला नसतो. अशा वेळी रंग विसरायचा, चोचीचा आकार आणि पंखावरची चकाकती पट्टी बघायची. थापट्याची चोच फावड्यासारखी, ती कुठल्याही वेषात लपत नाही. त्या चोचीच्या कडेला बारीक गाळणी असते, पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खाण्यासाठी. म्हणूनच थोड्या सांडपाण्याच्या तळ्यावरही थापटे मजेत दिसतात. बदकं आली म्हणजे पाणी स्वच्छ, असं समजणाऱ्या नगरसेवकांसाठी ही माहिती मुद्दाम दिली आहे.

आणि उजेड. सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहा, म्हणजे सूर्य पाठीशी येतो. समोरून ऊन आलं की सगळी बदकं काळी. आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि बेचाळीस मिलिमीटर भिंगाची, साधी दुर्बीण पुरते.

'दुर्मीळ' या शिक्क्याबद्दलही बोलायला हवं. 2018 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या तळ्यात एक मँडरिन बदक अवतरलं. नर, अंगावर सगळे रंग. जगभर बातम्या झाल्या, बघायला रांगा लागल्या. ही जात मूळची पूर्व आशियातली आणि या महाशयांच्या पायात चक्क वाळं होतं. म्हणजे कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेलं. त्याउलट 2021 च्या फेब्रुवारीत आसामात तिनसुकियाजवळच्या मागुरी-मोटापुंग बिलावर मँडरिन दिसलं, तेव्हा त्या नोंदीचं मोल वेगळंच होतं. जात तीच, पण एक पाळीव पळपुटा आणि दुसरा रानातला भटक्या. आपल्या तळ्यांवरही सोडून दिलेली पांढरी बदकं आणि लाल गाठींच्या तोंडाची मस्कोव्ही बदकं पैशाला पासरी, आणि त्यांचे फोटो दर महिन्याला कुणीतरी "रेअर?" म्हणून टाकतोच. पाय बघा, वाळं आहे का बघा, माणसाजवळ येतं का बघा. वाळं दिसलं म्हणजे सुटलेलंच, असंही नाही. मंगोलियात अभ्यासकांनी गळ्यात अक्षरांचे पट्टे घातलेले पट्टकदंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंसासारखे पक्षी) भारतात दिसले आहेत. ती अक्षरं वाचून कळवली, तर हिमालय ओलांडून आलेल्या त्या पक्ष्याचा प्रवास नोंदवला जातो. तुमच्या शार्प फोटोपेक्षा ते मोठं काम आहे.

फोटोवरून आठवलं. 'फ्लाइट शॉट', म्हणजे उडतानाचा फोटो, हवा म्हणून टाळ्या वाजवणारे, खडे मारणारे महाभाग मी पाहिलेत. एकाने तर ड्रोन आणला होता. हजारो किलोमीटर उडून आलेला तो जीव दिवसा झोपून रात्रीच्या चरण्याची तयारी करतोय, आणि तुम्ही त्याला तासात चार वेळा उठवताय. दोन रविवार असं झालं की तो तळं सोडतो. मग हेच लोक ग्रुपवर लिहितात, "गेलो होतो, मिळालं नाही." मिळालं नाही म्हणे! बाजारात गेला होतात का?

म्हणून मी अशा पक्ष्याची नोंद ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर वर्णनासकट करतो, तपासणारे प्रश्न विचारतात त्यांना उत्तरं देतो, पण ग्रुपवर पिन टाकत नाही. यावर "ज्ञान वाटल्याने वाढतं" असं मला ऐकवलं जातं. वाटतोच आहे की, वरचे परिच्छेद वाचा. जो माणूस एरवीही तळ्यावर येतो, ज्याला टिबुकली बघूनही आनंद होतो, त्याला मी हाताला धरून नेऊन दाखवतो. शेजारच्या आजींनाही दाखवलं. त्यांनी पांढरा डोळा बघून "अगंबाई, मोतीबिंदू झालाय का याला?" असं विचारलं.

खरी भीती मला फोटोवाल्यांची नाहीच, सुशोभीकरणाची आहे. काठाला उभी दगडी भिंत, पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, मधोमध रंगीत कारंजं, बोटिंग. भिंत बांधली की उथळ चिखल गेला, म्हणजे थापट्या, तलवार, लांब पायांचा शेकाट्या सगळे गेले. 'कचरा' म्हणून पाणकणीस सरसकट उपटलं की फेरुजिनसला आडोसा उरत नाही. जलपर्णी काढायलाच हवी, तिने पाणी गुदमरतं. पण पाणकणीस म्हणजे जलपर्णी नव्हे, हे ठेकेदाराला कोण सांगणार? आमच्या तळ्यासाठी असा एक आराखडा तयार असल्याचं ऐकतोय. त्यात एक काठ जसाच्या तसा सोडावा, एवढीच मागणी आम्ही लेखी देणार आहोत. सही करायला या.

आणि जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. 1987 पासून दरवर्षी होते. आमच्या तळ्यावर आम्ही मोजतो: वारकरी किती, अडई किती, थापट्या किती. कंटाळवाणं काम आहे, थंडी वाजते, मधेच थवा उडाला की पहिल्यापासून मोजावं लागतं. ज्यांना यायचंय त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा. माझ्याकडे एक जास्तीची दुर्बीण आहे, फक्त तिचा डावा फोकस जरा घट्ट झालाय. चहा मामांच्या घरून येतो.