अण्णा कर्वे, टोकियो आणि मराठीतली पदवी

मराठीतून इंजिनिअरिंग शिकवावं का, यावर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा जुंपली आहे. २०२१ मध्ये मातृभाषेतून अभियांत्रिकीला परवानगी मिळाल्यापासून हा वाद धुमसतोच आहे. एका बाजूला अस्मिता, दुसऱ्या बाजूला ‘पोरांचं वाटोळं कराल’. टोकियोत बसून हे वाचताना मला महर्षी धोंडो केशव कर्वे आठवतात. मातृभाषेतून उच्च शिक्षणाचा प्रयोग त्यांनी १९१६ सालीच करून दाखवला होता आणि त्याला चालना मिळाली होती याच शहरातून.

जिन्झो नारुसे यांनी १९०१ मध्ये टोकियोत काढलेल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका अण्णांच्या हाती पडली. १९१५ च्या डिसेंबरात सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी तशा विद्यापीठाची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी पुण्यात महिला विद्यापीठ (आजचं एसएनडीटी) काढून पाच विद्यार्थिनींवर कॉलेज सुरू केलं. तेव्हा त्यांचं वय होतं अठ्ठावन्न. सरकारी मान्यता नव्हती, वर्गणी मागत फिरायचं होतं. उद्योगपती विठ्ठलदास ठाकरसींच्या देणगीचे पंधरा लाख आले ते १९२० मध्ये.

शिक्षण मातृभाषेतून, पण इंग्रजी हा सक्तीचा विषय, अशी अण्णांची योजना होती. गांधीजींना ती सक्ती पटली नव्हती, तरी अण्णांनी ती ठेवली. आजच्या भांडणात दोन्ही बाजूंना नेमकं हेच नको असतं. मला मात्र ही योजना आजही सर्वांत शहाणी वाटते.

इथले माझे सहकारी इंजिनिअरिंग जपानीतून शिकले. ‘बघा, जपानला जमतं!’ असं गावाकडून कुणी म्हणालं की मला पुढचंही सांगावंसं वाटतं. मेइजी काळापासून (१८६८-१९१२) इथे पुस्तकं भाषांतरित होत आली, परिभाषा घडत गेली. नोकरीची मुलाखत, कारखान्यातली ड्रॉइंग, यंत्राची माहितीपत्रकं, सगळं जपानीत. आपल्याकडे मराठीतून शिकलेल्या मुलीला कॅम्पस मुलाखत इंग्रजीतच द्यावी लागते. आणि परदेशी ग्राहकासमोर हेच हुशार जपानी सहकारी इंग्रजीसाठी अडखळतात, तेही मी पाहतो.

अण्णांच्या विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये. तोवर तिथल्या ‘गृहीतागमा’ पदवीधर मुलींची पदवी इतर विद्यापीठांच्या पदवीच्या बरोबरीची धरली जात नव्हती. (टोकियोची संस्थाही कायद्याने विद्यापीठ झाली ती १९४८ मध्येच.) या मुलींनी सोसलेलं आपण विसरता कामा नये.

एका बाबतीत मी अण्णांशी सहमत नाही. बाईचं कार्यक्षेत्र वेगळं, म्हणून तिचा अभ्यासक्रमही वेगळा, हे मला मान्य नाही. नारुसेंनी आधी माणूस, मग स्त्री, मग नागरिक असा क्रम लावला होता; तो मला जवळचा वाटतो. पण विधवांसाठी आश्रम काढणाऱ्या, स्वतः विधवेशी लग्न करून बहिष्कार सोसणाऱ्या माणसाला आज सोयीस्करपणे मागासलेला ठरवणं हा अन्याय आहे.

म्हणून ग्रुपवर मी एवढंच लिहिलं: मराठीतून पदवी द्याच, पण आधी चांगली पाठ्यपुस्तकं लिहून घ्या, चारही वर्षं इंग्रजी नीट शिकवा आणि सरकारी कंपन्यांच्या तांत्रिक भरती परीक्षा मराठीतूनही घ्या.