माझी परवानगी आहे

रस्त्यावरून आमच्या घरी उतरायला जांभ्या दगडाची एक पाखाडी आहे. तिच्यातली मधली तीस पावलं आप्पाकाकांच्या आगरातून जातात. वाटण्या झाल्या तेव्हा घर आमच्याकडे आलं, आगर त्यांच्याकडे गेलं, आणि वाटेचं काय, हे विचारायचं राहून गेलं. तशी दुसरी वाट आहे, मागच्या पऱ्यातून. तिच्यातून चार महिने पाणी जातं आणि आठ महिने म्हशी.

आप्पाकाका कोर्टात कारकुनी करून निवृत्त झाले. हे आमचं दुर्दैव. इतरांचे काका निवृत्तीनंतर ज्ञानेश्वरी काढतात, यांनी १८८२चा सुविधाधिकार कायदा काढला. त्याचं कलम १५ सांगतं, की वीस वर्षं उघडपणे, शांततेने, अखंड आणि हक्क म्हणून वापरली तर वाट वहिवाटीची ठरते. उघडपणे म्हणाल, तर गॅसची टाकी खांद्यावर घेऊन लपून कसं जाणार? अखंडही ठीक. पण 'शांततेने' या शब्दावर आमचं अख्खं घराणं नापास होईल.

आप्पांनी मात्र 'हक्क म्हणून' हे दोन शब्द पकडले. मालकाच्या परवानगीने गेलात तर तो हक्क नव्हे, मेहेरबानी. तेव्हापासून सकाळी मी पिशवी घेऊन निघालो, की तोंडात मशेरी तशीच ठेवून ते पडवीतून ओरडतात, "जा रे, जा! माझी परवानगी आहे!"

"परवानगी नको, वहिवाट आहे!" मी उलट ओरडतो. बायको म्हणते, अहो, अंडी आणायला चाललाय ना?

मध्यंतरी त्यांचा गडगा, म्हणजे आगराची दगडी कुंपणभिंत, वीतभर वाटेत सरकला. मी मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ काढला. अडथळा आल्यापासून सहा महिन्यांत तहसीलदाराकडे दावा लावावा लागतो. पहिले पाच महिने आम्ही गडगा सरकलाय की आपण जाड झालोय, यावरच घरात वाद घालत होतो.

मग फ्रिज आला. डबल डोअर. टेम्पोवाल्या दोघा पोरांनी तो आडवा-तिडवा करून पाखाडीवर आणला आणि गडग्यापाशी तो अडकला. पुढे जाईना, मागे येईना. आप्पा काठी टेकत आले, खोक्याला एक फेरी मारली. "वहिवाट पायी जायची आहे. फ्रिजला पाय कुठायत?"

"आणि तुमच्या गडग्याला कुठून फुटले?"

तेवढ्यात मृगाची सर आली. काकू पदर डोक्यावर घेऊन धावल्या, "मेल्यांनो, भांडण उद्या करा, आधी ती वस्तू आत घ्या!" चौघांनी मिळून फ्रिज आप्पांच्या पडवीत नेला. एका टोकाला आप्पा होते.

त्याला आता तीन आठवडे झाले. रात्र गेली की नेऊ, पाऊस उघडला की नेऊ. पडवीत प्लग होता, काकूंकडे बांगडे होते. आता वरच्या कप्प्यात आमचं दूध, खाली त्यांचं वाटण. वीजबिलाचा विषय अजून कुणी काढलेला नाही.

वीस वर्षांचं गणित मलाही येतं. काकू फ्रिज उघडायला उठल्या, की त्या दाराचा आवाज आमच्या खळ्यापर्यंत ऐकू येतो. मी चहाचा कप खाली ठेवतो, गडग्यापाशी जातो आणि मोठ्यांदा ओरडतो, "घ्या हो काकू, घ्या! माझी परवानगी आहे!"